मदत हवी आहे: टीएनजी संपवून डीप स्पेस नाईन, की दोन्ही आलटून पालटून?

नमस्कार मंडळी,

रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि माझा नववीतला मुलगा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' (टीएनजी) या अंतराळावरच्या अमेरिकी मालिकेचा एक भाग पाहतो. माझी दुसरी खेप, त्याची पहिली. पहिला सीझन निवडूनच दाखवला (जाणत्यांना कारण सांगायला नको). दुसऱ्या सीझनमध्ये उपकप्तान रायकरला दाढी आली आणि गाडी रुळावर आली. आता पाच सीझन झालेत.

परवा 'द इनर लाइट' हा भाग पाहिला. इकडे जहाजावर अर्धा तासही जात नाही आणि तिकडे कप्तान पिकार्ड बायको, मुलं, नातू असा अख्खा जन्म जगून येतो. शेवटी त्याच्या हातात ती बासरी आली तेव्हा पोरगं गप्प. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग लावला तर कप्तानसाहेब जसेच्या तसे! "बाबा, हा कालचं सगळं विसरला?" बासरी सहाव्या सीझनमध्ये परत येते, थांब जरा, असं सांगितलं. पण त्याचं काही चुकलं नाही.

डीप स्पेस नाईन (डीएसनाईन) या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेत मात्र झालेलं पुसलं जात नाही. बोर्ग या अर्धयंत्र शत्रूंशी झालेली वुल्फ ३५९ची लढाई टीएनजीत आपल्याला दिसतच नाही, दिसतात नंतर तरंगणारे जहाजांचे सांगाडे. डीएसनाईनच्या पहिल्याच भागात तीच लढाई त्या मालिकेचा नायक सिस्को याच्या बाजूने येते. जळत्या जहाजात बायको ढिगाऱ्याखाली, आणि हल्ला करणारा कोण, तर बोर्गांनी पळवलेला पिकार्ड. पुढे दोघं समोरासमोर येतात तेव्हा सिस्कोच्या चेहऱ्यावरची अढी पाहा. माझ्यासाठी तो एक प्रसंग टीएनजीच्या अर्ध्या सीझनला भारी आहे.

तर प्रश्न असा. डीएसनाईन जानेवारी १९९३ मध्ये, टीएनजीचा सहावा सीझन चालू असतानाच सुरू झालं. त्याच क्रमाने मिसळून पाहावं का? टीएनजीच्या 'बर्थराइट' या भागात डीएसनाईनचा डॉक्टर बशीर येतो तेव्हा तो ओळखीचा असेल, टीएनजीतून तिकडे गेलेला ओब्रायन कुठे गेला हेही कळेल. भीती एवढीच की डीएसनाईनचा पहिला सीझन रेंगाळतो. त्या सीझनच्या शेवटाकडचा 'ड्युएट' हा भाग येईपर्यंत मुलगा टिकेल का? मधले कोणते भाग गाळले तर चालतील?

शिवाय टीएनजी मूळ फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेलं, त्यामुळे चित्र लख्ख. डीएसनाईनचं ते भाग्य नाही, आमच्या ५५ इंची टीव्हीवर सगळं धुरकट दिसतं. चित्र ताणलेलं नाही, जुन्या टीव्हीसारखं चौकोनी ४:३च ठेवलंय. शार्पनेस कमी करून कुणाला फरक पडला का?

'व्हॉयेजर' या आणखी एका स्टार ट्रेक मालिकेच्या चाहत्यांनी रागावू नये, तुमची पाळी येणार आहे. शनिवारी सहावा सीझन लावायचाय, त्याआधी सांगा.