समुद्र दरवर्षी तापतो, मग वादळ दरवर्षी का नाही? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमची वाडी श्रीवर्धनजवळ. जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्या पोफळी मोडल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला न लागता वर गुजरातकडे गेलं तरी आणखी काही पडल्या. त्यामुळे मे उजाडला की घरात हाच विषय.

भाचीला प्रकल्पासाठी समजावताना अडलोय. चक्रीवादळ तयार व्हायला समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर लागतं, हे तिच्या पुस्तकात आहे. पण आपला अरबी समुद्र मे महिन्यात दरवर्षीच २९-३० अंशांवर असतो की! शिवाय जुलैतही आपल्या बाजूचं पाणी काही गार नसतं, तरी तेव्हा वादळं जवळपास नसतातच. असं का? ('ग्लोबल वॉर्मिंग' एवढंच उत्तर कृपया नको, ते व्हॉट्सॅपवर रोज मिळतं.)

प्रतिसाद १
गरम पाणी म्हणजे नुसतं इंधन, काडी वेगळी लागते. आधी एखादं कमी दाबाचं क्षेत्र हवं. तिथे वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता सुटते, दाब आणखी उतरतो आणि चहूबाजूंनी दमट वारा आत ओढला जातो. हे चक्र टिकायला ढगांची उतरंड सरळ उभी राहावी लागते. जुलैत खाली नैऋत्येचा वारा आणि बारा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत, म्हणजे खालचं एकीकडे नि वरचं दुसरीकडे. उतरंड कलते, खेळ संपतो. म्हणून आपल्याकडे वादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर.

प्रतिसाद २
वरच्यांना अनुमोदन. फक्त पृष्ठभागाचं तापमान बघू नका, ऊब किती खोल आहे तेही बघा. वादळ समुद्र घुसळतं आणि खालचं गार पाणी वर आणतं. गरम थर पातळ असेल तर ते आपलंच बळ घालवतं. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तरंगतं, त्यामुळे पावसाळ्यानंतर ही घुसळण कमी होते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर या साठलेल्या उष्णतेचे नकाशे असतात, भाचीला ते दाखवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! उतरंडीचं चित्र काढायला बसलीय. एक उपप्रश्न: वादळामागे पाणी गार होतं, तर २०१९ मध्ये अरबी समुद्रात क्यार वादळ असतानाच महा हे दुसरं वादळ कसं आलं?

प्रतिसाद १
क्यार तोवर पार पश्चिमेला सरकलं होतं हो. महा लक्षद्वीपजवळ तयार झालं, तिथलं पाणी गरमच होतं.