स्थानिक भोक म्हणजे लहान भोक का? अभ्यासिकेतले सात कॉम्प्युटर आणि पीकेएक्झेक

सुदामानगरकर (धागाकर्ता):

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. सात कॉम्प्युटर, सगळ्यांवर लुबंटू १६.०४, म्हणजे उबंटू लिनक्सची हलकी आवृत्ती. भंवरकुआंच्या क्लासची मुलं-मुली संध्याकाळी येतात, पीएससीचे फॉर्म भरतात, आधार क्रमांक टाकतात, बँकेतून फी भरतात. मशीन सांभाळायचं काम माझ्याकडे.

गेल्या रविवारी तिसऱ्या नंबरच्या मशीनवर बसलो आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पीकेएक्झेक या फाइलचे हक्क बघितले. नाव तांबड्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत आलं, आणि हक्कांच्या रांगेत जिथे एक्स असतो तिथे एस. हा एस म्हणजे सेटयूआयडी. फाइल कुणीही चालवो, ती चालते तिच्या मालकाच्या अधिकारानं, इथे रूटच्या, म्हणजे मशीनवर सगळं करू शकणाऱ्या खात्याच्या. पीकेएक्झेकचं कामच ते आहे: परवानगी तपासायची, आणि मग दुसरा प्रोग्रॅम वरच्या अधिकारानं सुरू करून द्यायचा.

त्यात मे २००९ पासून एक भोक, म्हणजे सुरक्षेतली त्रुटी, होतं. क्वालिस या कंपनीनं ते २५ जानेवारी २०२२ला जाहीर केलं. नाव ठेवलं प्वनकिट, जाहीर त्रुटींच्या यादीतली नोंद सीव्हीई-२०२१-४०३४. उबंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस, लिनक्सच्या या सगळ्या प्रकारांत मूळ इन्स्टॉलेशनमध्येच.

कसं चालतं ते सांगतो, कारण ऐकल्याशिवाय पटत नाही. कुठलाही प्रोग्रॅम सुरू होताना त्याला शब्दांची एक यादी मिळते, पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव. पीकेएक्झेक ते नाव सोडून पुढच्या शब्दापासून वाचायला लागतो. पण मुद्दाम रिकामी यादी दिली तर? पुढचा शब्द नसतोच. मेमरीत त्या यादीला लागूनच पर्यावरणाच्या व्हेरिएबलची (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगांची) यादी असते, तिथला पहिला शब्द हा उचलतो, तोच सुरू करायचा प्रोग्रॅम समजतो, त्याचा पूर्ण पत्ता शोधतो आणि तो पत्ता त्याच जागी लिहून ठेवतो. सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू होण्याआधी सिस्टीम धोकादायक व्हेरिएबल वेचून काढून टाकते. हा लिहिण्याचा प्रकार मात्र त्यानंतर होतो, म्हणून काढलेलं व्हेरिएबल परत आत येतं. मग एखादा एरर छापताना अक्षररूपांतराची लायब्ररी हल्लेखोराच्या फोल्डरमधून उचलली जाते, तीही रूटच्या अधिकारानं. पासवर्ड कुणी विचारतच नाही.

जाहीर झाल्यावर काही तासांतच त्याचे चालते नमुने लोकांच्या हातात होते. नेटची वायर काढून मी तिसऱ्या मशीनवर एक चालवून पाहिला. डॉलरच्या जागी हॅश आला, म्हणजे मी रूट झालो. एक ओळ, एक एंटर. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुरुस्ती २०२२मध्येच आली होती. पण उबंटू १६.०४चा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२१मध्ये संपला, म्हणून आमच्यापर्यंत ती पोचलीच नाही. नवी आवृत्ती टाकायची राहून गेली ही चूक माझी. आता माझं म्हणणं असं: सातही मशीनवरचा तो एस आज काढायचा, आणि महिनाभर अभ्यासिका बंद ठेवून सगळं नव्यानं टाकायचं. समितीतले म्हणतात, "हे भोक स्थानिक आहे, बाहेरून कुणी येऊ शकत नाही, मग घाई कसली?" तुम्हाला काय वाटतं?

राजवाड्यापाशी:

दादा, कळकळ पटली, घाई पटली नाही. मी पंधरा वर्षं ऑफिसांची मशीनं सांभाळतोय. स्थानिक या शब्दाला अर्थ आहे. तो माणूस आधीच तुमच्या खुर्चीत बसलेला असतो. त्याला पीकेएक्झेक कशाला हवं? पेन ड्राइव्ह लावेल, मशीन त्यावरून सुरू करेल, अख्खी डिस्क त्याच्यासमोर. तुमच्या सातांपैकी किती मशीनना बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगचा, पासवर्ड आहे?

आणि एस काढलात की मेनूतून सिनॅप्टिक (प्रोग्रॅम टाकायचं साधन) उघडणार नाही, "पीकेएक्झेक मस्ट बी सेटयूआयडी रूट" म्हणून थांबेल. तुम्ही सुट्टीवर असताना दुसरा कुणी मदतीला बसला तर तो डोकं धरून बसेल. एक भोक जगभर गाजलं म्हणून फक्त त्याच्यामागे धावणं मला बरोबर वाटत नाही.

तिसरी_रांग:

मी त्याच अभ्यासिकेत बसते. तांत्रिक मला कळत नाही, पण महिनाभर बंद हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या घरी कॉम्प्युटर नाही. फॉर्ममध्ये फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवावी लागते, मोबाइलवर तीन वेळा केलं, तीनही वेळा परत आलं. फॉर्मची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही, काका. आणि खरं सांगते, धाग्यात आमच्यातलाच कुणी चोर असल्यासारखं लिहिलंय, ते लागलं.

पण डॉलरच्या जागी हॅश हे वाचून भीतीही वाटली. मी तिथे आईच्या खात्यातून फी भरली आहे. एवढी मोठी गोष्ट असेल तर आम्हाला कुणी सांगितलं का नाही? दारावर चिठ्ठी तरी लावायची.

जुना_लष्करी_रस्ता:

मी धागाकर्त्याच्या विरुद्ध आहे, आणि कारण वेगळं आहे. तुम्ही सगळे विद्यार्थी एकाच खात्यावर बसवता ना? जुन्या एक्स विंडोमध्ये (पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) त्याच खात्यातला कुठलाही प्रोग्रॅम बाकीच्यांचे कीस्ट्रोक वाचू शकतो. रूट लागतच नाही. आईच्या खात्याचा पासवर्ड चोरायला प्वनकिटची गरज नाही.

दुसरं, नवं टाकलं की सुरक्षित झालं असं नसतं. ३० जून २०२५ला सुडोमधलं (साध्या खात्यातून रूटची कामं करू देणारा प्रोग्रॅम) भोक जाहीर झालं, सीव्हीई-२०२५-३२४६३. त्याच्या क्रूट नावाच्या पर्यायातून कुणीही स्थानिक वापरकर्ता रूट होत होता. ते १.९.१४पासूनच्या आवृत्त्यांत होतं, तुमच्या १६.०४च्या जुन्या सुडोत नव्हतंच. आणि प्वनकिटचं बघा. २०१३मध्येच एका प्रोग्रॅमरनं लिहिलं होतं की रिकामी यादी दिली तर पीकेएक्झेक चुकतो. पुढची नऊ वर्षं तो एस होता तिथेच होता. माझं भांडण त्या एसशी आहे. दुसऱ्याचा प्रोग्रॅम आपल्या अधिकारानं सुरू करून देणारी गोष्ट जितकी कमी तितकी बरी. लिनक्सच्या कर्नलनं (सिस्टीमच्या गाभ्यानं) ५.१८पासून रिकामी यादी प्रोग्रॅमपर्यंत जाऊ देणंच बंद केलं, तिच्यात एक रिकामा शब्द घातला जातो, ही मला खरी दुरुस्ती वाटते.

सुदामानगरकर:

तिसरी_रांग, आधी तुझी माफी मागतो. मुलांवर संशय घ्यायचा हेतू नव्हता, पण तसं वाचलं गेलं तर चूक माझ्या लिहिण्याची. चिठ्ठी आज संध्याकाळी लागेल: इथून पैसे भरले असतील तर पासवर्ड दुसरीकडून बदला. आणि महिनाभर बंद हे मी मागे घेतो. रोज एकच मशीन काढू, सहा चालू राहतील.

एका खात्याचा मुद्दा रास्त आहे, पण अर्धा. आमच्याकडे लॉगआउट केलं की एक स्क्रिप्ट विद्यार्थी खात्याचं होम फोल्डर पुसून कोरं करते, चालू राहिलेले प्रोग्रॅमही मारते. म्हणजे संध्याकाळी पाचला कुणी काही पेरलं तर सहाला बसणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही. रूट मिळालं की तो ती स्क्रिप्टच बदलेल, आणि मग ते महिनोन्महिने राहील. मी ज्या एकाच भिंतीवर विसंबून होतो, तीच या भोकानं पडते. म्हणून मी याला लहान म्हणायला तयार नाही.

राजवाड्यापाशी, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायला ते आधी बंद करावं लागतं, स्क्रीन काळी होते, टेबलापाशी बसलेल्या ताईंना दिसतं. टर्मिनलमधली एक ओळ कुणाला दिसत नाही. तरी बायोसचा पासवर्ड पाच मशीनना नाही, हे कबूल.

नव्यात काय टाकायचं तेही ठरवलंय. दोन मशीन जुन्या ३२ बिट प्रोसेसरवाली आहेत, आणि डेबियन १३नं ३२ बिटचा इन्स्टॉलर सोडून दिला. म्हणून सध्या सगळीकडे डेबियन १२. त्यात सुडो १.९.१३ आहे, तुम्ही सांगितलेलं भोक त्याच्या पुढचं. आणि पीकेएक्झेक तिथे वेगळं पॅकेज आहे. टाकणारच नाही.

जुना_लष्करी_रस्ता:

वेगळं पॅकेज आहे हे मला माहीत नव्हतं. मग माझा विरोध उरला तो एका खात्यापुरता. प्रत्येकाला वेगळं खातं द्या. सत्तर मुलं असतील तर सत्तर खाती.

सुदामानगरकर:

सत्तर पासवर्ड म्हणजे कीबोर्डखाली सत्तर चिठ्ठ्या. यावर आपलं जमणार नाही असं दिसतं.

राजवाड्यापाशी:

अजूनही म्हणतो, २०२२ची गोष्ट इतकी वर्षं तशीच होती, आठ दिवसांनी आभाळ कोसळलं नसतं. पण तिसऱ्या मशीनवर तुम्ही स्वतः हॅश बघितलाय, मी नाही. रविवारी सकाळी पोहे खाऊन दहाला येतो. बायोस माझ्याकडे, डेबियन तुम्ही बघा. त्या दोन ३२ बिटवाल्यांचे स्क्रू गंजलेले असतील, बारका पेचकस मी आणतो.

तिसरी_रांग:

काका, रविवारी तिसरं मशीन आधी घ्या. सोमवारी मला त्याच्यावरच बसायचंय, स्कॅनर त्यालाच जोडलेला आहे.