पिट्सबर्ग : बोगद्यातूनच शिरा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पिट्सबर्ग म्हणजे नुसतं ओलांडून जायचं गाव, थांबण्यासारखं काही नाही, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटलं नाही. ओहायोहून न्यू जर्सीला परतताना आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून शहरातून जातो, तेही पश्चिमेकडून, फोर्ट पिट बोगद्यातूनच. डोंगराच्या पोटातून गाडी बाहेर पडते ती थेट पुलावर, आणि समोर एकदम अख्खं शहर! आधी काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त योग्य लेन आधीच धरा, कारण पुलावर फाटे झपाझप फुटतात.

तासभर हाताशी असेल तर ड्यूकेन इन्क्लाइनने वर जा. १८७७ पासूनची ही केबल रेल्वे. डब्यात आत कोरीव लाकूडकाम आहे, चढताना ते जरूर पाहा. वरून अ‍ॅलेगेनी आणि मोनाँगाहेला या नद्यांचा संगम दिसतो. तिथूनच ओहायो नदी सुरू होते.

आणि जेवायला पेन हिल्स या उपनगरातलं व्यंकटेश्वराचं मंदिर! दर्शन घेऊन खाली कँटीनमध्ये चिंचेचा भात आणि दहीभात. हायवेवरच्या बर्गरला कंटाळलेली मुलंसुद्धा तिथे निमूट जेवतात. पुढे निघायला मन्रोव्हिलचा टर्नपाइक, म्हणजे टोलचा महामार्ग, तिथून जवळच आहे.