१४४ हर्ट्झवर भांडी का उडतात

निपाणीकर, नव्या १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या) मॉनिटरवर स्कायरिम या गेममधली भांडी खोलीत शिरताच उडतात म्हणालात. ग्राफिक्स कार्ड बेळगावला दाखवायला नेऊ नका, ते ठणठणीत आहे. या गेमचं फिजिक्स, म्हणजे वस्तूंच्या हालचालीचा हिशोब, सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) धरून बांधलंय. दर फ्रेमला हिशोबाची एक पायरी, ०.०१६६ सेकंदाची. फ्रेम १४४ झाल्या तरी पायरी तेवढीच, म्हणून हालचाल २.४ पट.

रिव्हाट्यूनर या फ्रेमवर मर्यादा घालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम ६० वर बांधा. जास्तच हव्या असतील तर स्कायरिमच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये हॅवॉक या फिजिक्सच्या विभागाखाली एफमॅक्सटाइम, म्हणजे पायरीची लांबी, ०.००६९ करा, म्हणजे १ भागिले १४४. मात्र गावात गर्दी होऊन फ्रेम ७० वर घसरल्या की वस्तू संथ पडतील. मला ६० च भरवशाचं वाटतं.

फ्रेमशी बांधलेल्या हिशोबाचा असाच घोळ डार्क सोल्स २ या गेममध्येही होता: ३० च्या तुलनेत ६० फ्रेमवर हत्यारं दुप्पट झिजायची.