सल्ला हवा: ब्लेंडरमधून फ्यूजनमध्ये नेलेले फोटो भिंतीवरून सरकायलेत

गढीवाला
नमस्कार मंडळी. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेच्या पटांगणात दाखवायला गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांवर छोटी फिल्म करायलोय. गढीच्या मातीच्या भिंतीवर त्यांचे सहा जुने फोटो टांगलेले दिसले पाहिजेत. मोबाइल हातात धरून भिंतीच्या कडेनं चालत शॉट घेतलाय, १८ सेकंदांचा. ट्रॅकिंग (शॉटमध्ये कॅमेरा कसा हलला ते शोधणं) ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये केलं, सॉल्व्ह एरर म्हणजे त्यातली चूक ०.६. तिथं फोटो घट्ट बसलेत. अलेम्बिक (३डी दृश्य दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची फाइल) करून रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्यूजन भागात नेलं की प्लेन, म्हणजे फोटो लावलेले सपाट तुकडे, पांढरेफट्ट येतात. सुरुवातीला जागेवर असतात, मग सरकत जातात. शेवटचा फोटो तर दिव्याच्या कोनाड्यावर जाऊन बसतो. लॅपटॉप ८ जीबी. खर्च फार तर ३ हजार.

औंढेकर
८ जीबीत हे होत नसतं. मी दिवाळीत संभाजीनगरहून ६२ हजारांचा घेतला, ग्राफिक्स कार्डवाला. तेव्हापासून एक तक्रार नाही.

बिंदुसरा
आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर घ्या, महिन्याच्या भाड्यानं मिळतं. ब्लेंडरच्या जेएसएक्स (आफ्टर इफेक्ट्सची स्क्रिप्ट फाइल) ॲड-ऑनमधून कॅमेरा आणि प्लेन दोन्ही जातात, तिकडं स्क्रिप्ट चालवली की झालं. लग्नाचं सगळं काम मी त्याच्यावरच करतो.

गोदाकाठ
त्यांनी ३ हजार लिहिलंय, दर महिन्याचं भाडं कुठून भरतील?
गढीवाला, पांढरं दिसतं कारण अलेम्बिकमध्ये आकार आणि यूव्ही (चित्र आकारावर कुठं बसायचं त्याच्या खुणा) जातात, चित्र जात नाही. फ्यूजनमध्ये त्या मेशच्या (३डी आकाराच्या) मटेरियल इनपुटला फोटो जोडा. नाहीतर इमेज प्लेन ३डी नोड घ्या आणि ब्लेंडरमधले आकडे हातानं टाका: एक्स तसाच, ब्लेंडरचा झेड इकडं वाय, आणि ब्लेंडरचा वाय उलट चिन्हानं झेड. कॅमेऱ्याचं ॲपर्चरही (इथं सेन्सरचं माप) बघा, फ्यूजन इंचात मोजतं. ब्लेंडरचा ३६ मिमी सेन्सर म्हणजे १.४१७ इंच.

बिंदुसरा
हातानं आकडे टाकत बसण्यापेक्षा जेएसएक्स बरं. आधी सांगितलंच आहे.

किनवटचा
कामून एवढा खटाटोप? फोटो छापा, चौकटी करा, खिळे ठोका, परत शूट करा. ३ हजारांत बसतं. आमच्या गावात असंच केलं, लोक भिंतीजवळ जाऊन हात लावून बघत होते.

गढीवाला
किनवटचे दादा, ती भिंत आता नाही. गेल्या पंधरवड्याच्या पावसात ढासळली. हा एकच शॉट आहे.

बालाघाट
मग जपून करू. सरकण्याचं कारण ॲपर्चर नसावं, ते चुकलं असतं तर पहिल्या फ्रेमपासून चुकलं असतं. ब्लेंडर १ पासून मोजतो, फ्यूजन ० पासून. तो फरकही कायम एकाच फ्रेमचा राहतो. तुमचा फरक वाढत जातो. मोबाइल व्हिडिओचा फ्रेम रेट कमी-जास्त होतो आणि दोन्ही सॉफ्टवेअर तीच फाइल वेगवेगळी मोजतात. माझा जत्रेचा अख्खा शॉट यातच गेला, दोन रात्री ट्रॅकरला दोष देत बसलो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट (दर सेकंदाला सारख्याच फ्रेम) करा, त्याची पीएनजी सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) काढा, दोन्हीकडं तीच लावा. ट्रॅक मात्र नव्यानं करावा लागेल.

औंढेकर
सिक्वेन्सला जागा लागते. एसएसडी तरी घ्याच.

गोदाकाठ
बालाघाट यांचं बरोबर आहे, फरक वाढतो हे मी नीट वाचलं नव्हतं. तरी ॲपर्चर तपासाच.

गढीवाला
सगळ्यांचे आभार. कॉन्स्टंट केलं, ५४० पीएनजी झाल्या, नव्यानं ट्रॅक केला, एरर ०.४. पण प्लेन फ्यूजनमध्ये नेलेच नाहीत. ब्लेंडरमध्येच फिल्म ट्रान्स्परंट (मागचा भाग पारदर्शक) करून फक्त फोटो रेंडर केले आणि रिझॉल्व्हमध्ये शॉटवर ठेवले. पहिल्यांदा फोटो फिके आले; व्ह्यू ट्रान्सफॉर्म (ब्लेंडरची रंग दाखवायची सेटिंग) एजीएक्सवरून स्टँडर्ड केला, मग मूळ रंग आला.

गोदाकाठ
उद्या एक फोटो बदला म्हणाले तर परत ५४० फ्रेम रेंडर कराल. प्लेन नेले असते तर दोन मिनिटांचं काम होतं.

गढीवाला
करीन. फोटो त्या-त्या घरच्या लोकांनी स्वतः निवडून दिलेत. कोनाडा मोकळा राहिलाय, आतली काजळीसुद्धा दिसते.