मदत हवी आहे: चार्ल्सटनच्या जुन्या फोटोचं साल कसं ठरवायचं?

अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या मीटिंग स्ट्रीटचं स्टिरिओकार्ड (शेजारी-शेजारी दोन फोटो चिकटवलेला पुठ्ठा, खास भिंगातून पाहिला की दृश्याला खोली दिसते) आहे, अल्ब्युमिन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचा फोटो). सर्क्युलर चर्चच्या पडक्या भिंती उभ्या दिसतात. म्हणजे चर्च जळालं त्या डिसेंबर १८६१ च्या आगीनंतरचं आणि भिंती पडल्या त्या ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपाआधीचं. ही पंचवीस वर्षं अजून कशी आवळायची? कार्डाचे कोपरे गोल आहेत, म्हणजे साधारण १८६८ नंतरचे. पण त्यातून फक्त पुठ्ठ्याचं वय कळतं; काचेची निगेटिव्ह १८६५ ची असून नंतर छापलेली असू शकते ना! डावीकडे दुकानाची पाटी आहे, शेवटची तीन अक्षरं पिवळेपणात बुडालीत. १२०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलंय, निळ्या चॅनेलमध्ये (स्कॅनचा फक्त निळ्या रंगाचा भाग) थोडं उठतं, पण कॉन्ट्रास्ट वाढवला की कागदाचे तंतूच दिसतात. पाटी वाचायची काही युक्ती? आणि नाव मिळालं तर त्या काळच्या शहर-डिरेक्टरीत (रहिवासी आणि दुकानांच्या नाव-पत्त्यांची छापील यादी) रस्त्यावरून शोधता येतं, की फक्त आडनावावरून?