मदत हवी आहे: 'ग्रीस'सारखा गेम सुचवा

बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा २०१८चा 'ग्रीस' काल रात्री संपवला. खेळ म्हणून तो साधाच, उड्या मारा आणि सोपी कोडी सोडवा. मरणं नाहीच. पण चित्रं! कॉनराड रोसेतने रंगवलेल्या करड्या जगात आधी लाल उतरतो, मग हिरवा, निळा. वाळूच्या वादळात गेममधल्या मुलीचा झगा जड ठोकळा होतो, तिथे मी कंट्रोलर ठेवून नुसती बघत बसले. बर्लिनिस्ट या बँडचं संगीत अजून कानात आहे.

आई जलरंगात चित्रं काढते. तिला स्वतः खेळायचंय, पण भराभर बटणं दाबणं जमत नाही. याच स्टुडिओच्या 'नेवा'त तलवारबाजी आहे. ती तिला झेपेल का? की 'जर्नी' हा गेम आधी देऊ? कुणी आईबाबांसोबत खेळलंय का?